ग्रामपंचायत आणि ग्रामसभा : गडचिरोलीच्या दुर्गम तालुक्यांत हा फरक का महत्त्वाचा ठरतो

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा, एटापल्ली किंवा भामरागड तालुक्यातल्या एखाद्या गावाने खाणीला किंवा वनजमिनीच्या अन्य वापराला संमती दिली आहे, असे कागदोपत्री सांगितले जाते, तेव्हा ती संमती ग्रामपंचायतीची आहे की ग्रामसभेची, हे आधी विचारले पाहिजे. बातम्यांत, सरकारी पत्रव्यवहारात आणि शिकल्यासवरल्या माणसांच्या बोलण्यातही हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. कायद्याच्या दृष्टीने मात्र या दोन वेगळ्या संस्था आहेत, आणि या भागात तर त्यांची हद्दसुद्धा बहुधा एक नसते.

ग्रामपंचायत ही निवडून आलेली संस्था आहे. सरपंच, उपसरपंच आणि प्रभागांतून निवडलेले सदस्य, पाच वर्षांची मुदत, घरपट्टी व पाणीपट्टीची वसुली, दिवाबत्ती, पिण्याचे पाणी, दाखले आणि शासकीय योजनांची अंमलबजावणी हे तिचे नेहमीचे रूप सगळ्या महाराष्ट्राच्या परिचयाचे आहे. ग्रामसभा निवडून येत नाही आणि तिची मुदतही संपत नाही, कारण मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सदस्य असतो. 73 व्या घटनादुरुस्तीने 1993 पासून तिला संविधानात स्थान मिळाले. सातारा किंवा नाशिकच्या सपाटीवरच्या मोठ्या गावात एक गाव, एक ग्रामपंचायत आणि तिचीच एक ग्रामसभा असा सरळ मामला असतो. सभा सरपंचांच्या अध्यक्षतेखाली भरते, ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) इतिवृत्त लिहितो, आणि सभा हा पंचायतीच्याच कामकाजाचा एक भाग आहे, असा समज होणे तिथे स्वाभाविक आहे.

गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात हे चित्र बदलते. इथली गावे लहान आणि विखुरलेली असतात, म्हणून अनेक गावे व टोले (लहान वस्त्या) मिळून एक गट ग्रामपंचायत केली जाते. तिचे कार्यालय एका गावात असते आणि बाकीच्या गावांतल्या माणसाला नाले ओलांडून, प्रसंगी पायी, तिथपर्यंत यावे लागते. पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या पावसाळ्यामागून पावसाळे आपण वाचत आलो आहोत. तालुक्याच्या मुख्यालयाची ही स्थिती, तर आतल्या टोल्यांचे काय होत असेल याची कल्पना करता येईल. अशा ठिकाणी पंचायतीच्या गावी भरलेल्या सभेला सर्व गावांची ग्रामसभा म्हणायचे, तर दूरच्या गावांचा त्यातला सहभाग नावापुरताच उरतो.

ही अडचण ओळखूनच संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतील आदिवासीबहुल क्षेत्रांसाठी 1996 मध्ये पेसा कायदा (पंचायतींच्या तरतुदी या क्षेत्रांना लागू करणारा कायदा) आला. आपल्या रूढी-परंपरांनुसार स्वतःचा कारभार पाहणारा समाज जिथे राहतो, ती वस्ती, वस्त्यांचा गट, पाडा किंवा टोला म्हणजे गाव, असे हा कायदा मानतो, आणि अशा प्रत्येक गावाला स्वतःची ग्रामसभा देतो. महसुली नोंदीत ज्याचे वेगळे नाव नाही, असा टोलासुद्धा ठराव करून स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मागू शकतो. महाराष्ट्राने त्यासाठीचे नियम करायला 2014 साल उजाडले. या विलंबाची पुरेशी चर्चा झाली नाही, असे मला वाटते. परिणाम असा की एका ग्रामपंचायतीच्या हद्दीत आज अनेक स्वतंत्र ग्रामसभा असू शकतात, आणि त्यांतली कोणतीही दुसरीच्या वतीने बोलू शकत नाही.

ग्रामपंचायत आणि ग्रामसभा यांचे परस्परसंबंधही इथे वेगळे आहेत. विकासाची योजना पंचायतीने हाती घेण्याआधी तिला ग्रामसभेची मंजुरी लागते. लाभार्थी ग्रामसभा ठरवते. आणि खर्च झाल्यावर निधीच्या विनियोगाचे प्रमाणपत्र पंचायतीला ग्रामसभेकडूनच घ्यावे लागते. म्हणजे काम पंचायतीने करायचे आणि हिशेब गावाला द्यायचा. सरपंचपद आदिवासींसाठी राखीव असले, तरी सरपंचाची सही गावाच्या ठरावाची जागा घेऊ शकत नाही.

हा फरक सर्वांत स्पष्ट दिसतो तो तेंदूच्या, म्हणजे विडीच्या पानांच्या, हंगामात. मे महिन्यात पहाटेच अख्खे कुटुंब जंगलात जाते, दुपारी घराच्या सावलीत बसून पाने जुळवते, 70 पानांचा एक पुडा बांधते आणि संध्याकाळी पुडे फळीवर (पाने गोळा करण्याच्या जागी) नेऊन मोजून देते. असे 1000 पुडे मिळून एक प्रमाण गोणी होते. पूर्वी वनविभाग लिलाव करी, ठेकेदार ठरे आणि गावाच्या वाट्याला मुख्यतः मजुरी येई. पेसा नियमांनंतर विक्री वनविभागाकडून करून घ्यायची की स्वतः करायची, हे ग्रामसभा ठरवते. स्वतः करायचे ठरले, तर जाहिरात, लिलाव, ठेकेदाराशी करार, मजुरी व रॉयल्टीचे वाटप ही सारी जबाबदारी तिची असते. लहान ग्रामसभा अनेकदा एकत्र येऊन लिलाव करतात, कारण एकट्या टोल्याच्या पानाला चांगला भाव मिळणे कठीण असते. ठेकेदाराने पैसे थकवले, तर वसुलीचा घोरही ग्रामसभेलाच लागतो. या स्वायत्ततेला पुरेसे हिशेबनीस आणि कायदेशीर मदत मिळत नाही, ही आजची खरी उणीव आहे.

ग्रामसभा म्हणजे काय, हे कायद्याच्याही आधी दाखवून दिले ते धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने. गावाचे नेते देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे या कामाशी जोडलेली आहेत. ‘मावा नाटे, मावा राज’ (आमच्या गावात आमचे राज्य) म्हणणाऱ्या या गावाने लेखा गट ग्रामपंचायतीचा भाग असतानाच स्वतःची ग्रामसभा वेगळी भरवली आणि बहुमताऐवजी सर्वसहमतीने निर्णय घेण्याची शिस्त लावून घेतली. वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर या गावाला सामूहिक हक्क मिळाला, तो ग्रामसभेला. आणि 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक सोपवले गेले, तेही ग्रामसभेलाच.

वनहक्क कायद्यात तर ग्रामपंचायतीला ग्रामसभेची जागा घेताच येत नाही. दावे मागवणे, वनहक्क समितीमार्फत त्यांची पडताळणी करणे, ठराव करून ते उपविभागीय समितीकडे पाठवणे आणि हक्क मिळालेल्या जंगलाचे रक्षण करणे हे ग्रामसभेचे अधिकार आहेत. ओडिशातील नियमगिरीच्या बॉक्साइट खाणीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ग्रामसभांपुढे ठेवला, तेव्हा सर्व 12 ग्रामसभांनी एकेक करून नकार दिला आणि तो नकार टिकला.

म्हणून वनहक्काशी संबंधित एखादा ठराव हाती आला, तर त्यावरचा शिक्का पाहून थांबू नये. सभा कोणत्या गावाची किंवा टोल्याची होती, ती त्याच गावात भरली होती का, सदस्यांपैकी निम्मे उपस्थित होते का आणि उपस्थितांत किमान एक-तृतीयांश स्त्रिया होत्या का, हे सह्या-अंगठ्यांच्या यादीवरून तपासता येते. आणि ही यादीच जोडलेली नसेल, तर त्या कागदाला ग्रामसभेचा ठराव म्हणून स्वीकारू नये.