कासवासाठी जाळं कापलंत? भरपाईचा अर्ज असा करा

जाळ्यात कासव किंवा व्हेल शार्क अडकला, तर जाळं कापून त्याला जिवंत सोडणाऱ्या मच्छीमाराला राज्य शासन जास्तीत जास्त 25 हजार रुपये भरपाई देतं. मत्स्यव्यवसाय विभाग आणि वन विभागाचा कांदळवन कक्ष यांची ही योजना डिसेंबर 2018 पासून सुरू आहे. तरीही डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत बऱ्याच बंदरांवर ती अजून ऐकीव माहितीसारखीच फिरते.

पात्रतेची मुख्य अट एकच: प्राणी वन्यजीव संरक्षण कायद्याखालचा हवा. आपल्याकडे जास्त करून ऑलिव्ह रिडले आणि हिरवं कासव सापडतं. व्हेल शार्कला 2001 पासून संरक्षण आहे. डॉल्फिनही यातच येतो. साधी मुशी, म्हणजे लहान शार्क, सोडलीत तर काही मिळणार नाही. जाळं न फाटता प्राणी सुटला तरी नाही, कारण भरपाई जाळ्याच्या नुकसानीची आहे, बुडालेल्या दिवसाची नाही. मोठं जाळं पार फाटलं तर 25 हजारांत भागत नाही, हेही खरंच.

कागद फार नाहीत. नौकेचं नोंदणी प्रमाणपत्र, चालू मासेमारी परवाना, आधार आणि बँक पासबुकाचं पहिलं पान अर्जाला जोडायचं. परवान्याचं नूतनीकरण राहिलं असेल तर ते आधी उरकून घ्या. मच्छीमार सोसायटीचं पत्र जोडलंत तर उत्तमच.

खरा अर्ज मात्र समुद्रातच तयार होतो, म्हणजे मोबाइलवर. तांडेल (नौकेचा प्रमुख) आणि खलाशी प्राणी सोडवण्यात गुंतलेले असतात, त्यामुळे चित्रीकरणाचं काम एकाला आधीच नेमून ठेवा. प्राणी जाळ्यात अडकलेला, जाळं कापताना, प्राणी पाण्यात निघून जाताना आणि शेवटी फाटलेलं जाळं, असं सगळं ओळीने यायला हवं. एका तरी दृश्यात नौकेचा रंगवलेला क्रमांक दिसू द्या. मोबाइलचं लोकेशन चालू ठेवा, तारीख-वेळ आपोआप नोंदली जाते. फक्त फाटक्या जाळ्याचा फोटो घेऊन गेलात तर ते खडकावर फाटलं की कासवामुळे, हे कोण सांगणार?

कासव निपचित पडलं असेल तर घाईने पाण्यात ढकलू नका. त्याला श्वासासाठी वर यावं लागतं, जाळ्यात फार वेळ राहिलं की ते गुदमरतं. सावलीत पोटावर ठेवा, मागची बाजू थोडी उंच करा, अंगावर ओलं फडकं टाका आणि हालचाल करू लागलं की सोडा.

बंदरावर आलात की आपल्या भागातल्या मत्स्यव्यवसाय परवाना अधिकाऱ्याला लगेच कळवा आणि अर्ज द्या. पडताळणी होईपर्यंत जाळं विणायला घेऊ नका. धंदा खोळंबतो, पण दुरुस्त केलेल्या जाळ्याचं नुकसान अधिकारी मोजणार कसं? पडताळणी झाली की प्रकरण कांदळवन कक्षाकडे जातं. अर्जाची पोच मागून घ्या, चौकशीला तीच उपयोगी पडते.

पावसाळी बंदीच्या काळात यांत्रिक नौका बाहेर काढली असेल आणि तेव्हा कासव सापडलं, तर कासवाला पाण्यात जरूर सोडा, पण भरपाई मागायला जाणं म्हणजे आपल्या पायाने दंड भरायला जाणं.

किनाऱ्यावर जखमी किंवा मेलेलं कासव दिसलं तर ही योजना लागू होत नाही. तेव्हा वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.