पार्श्वभूमी : मुंबईच्या भिंती आणि ‘विद्रूपीकरण’ हा शब्द

मुंबईतील भित्तिचित्रांची गोष्ट बहुतेक वेळा २००९ पासून सांगितली जाते आणि त्याआधी या शहराच्या भिंती कोऱ्याच होत्या, असा समज त्यातून पसरतो. तो खरा नाही. डहाणू-तलासरी भागात लग्नघराच्या गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे लग्नविधीचे चौकोनी चित्र, लिहिला जातो, ती परंपरा तर फार जुनी. पण शहरापुरते पाहिले तरी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यापासून गिरणगावातील भिंती बोलत होत्या. पुढे निवडणुकांत भिंत रंगवणे हे प्रचाराचे नेहमीचे काम झाले. आधी चुन्याचा हात, तो वाळला की दोरीने आखलेल्या रेघा आणि त्यावर गेरूची किंवा निळीची ठसठशीत अक्षरे. हे काम करणारे रंगारी एरवी दुकानांच्या पाट्या रंगवत, आणि त्यांच्या कामाला कोणी कला म्हटले नाही.

या साऱ्याला वळण मिळाले ते मालमत्ता विद्रूपीकरणाला प्रतिबंध करणाऱ्या १९९५ च्या राज्य कायद्याने. त्यातील ‘विद्रूपीकरण’ हा शब्द रोजच्या वापरातील अर्थापेक्षा कितीतरी व्यापक आहे. एखादी वास्तू कुरूप करणे एवढाच त्याचा अर्थ नाही; दर्शनी रूपात किंवा सौंदर्यात बाधा आणणारी कोणतीही कृती त्यात येऊ शकते, आणि रस्त्यावरून दिसणारी खासगी भिंतही कायद्याच्या कक्षेत येते. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. भिंतीवर काढलेले चित्र सुंदर आहे की नाही, हा प्रश्न त्यामुळे जवळजवळ गैरलागू ठरतो. परवानगी होती की नाही, एवढेच पाहिले जाते. ज्या शब्दात ‘रूप’ आहे, त्याचा निर्णय रूपावरून होतच नाही, आणि या विषयातील बहुतेक गोंधळाचे मूळ इथे आहे. याच सुमारास निवडणूक आचारसंहितेची अंमलबजावणी कडक झाली, त्यानंतर काही वर्षांत फ्लेक्स आले आणि रंगाऱ्यांचे काम गेले.

या पार्श्वभूमीवर २००९ चा निर्णय पाहावा लागतो. त्या वर्षी माहीम ते दादर या पट्ट्यात रेल्वेमार्गालगतची दोन किलोमीटरांहून लांब भिंत पालिकेने नागरिकांना रंगवण्यासाठी खुली केली. शेकडो हौशी आणि व्यावसायिक चित्रकार डबे-कुंचले घेऊन आले, आणि आधी लोक जिथून नाक दाबून जात, त्या पदपथावर थांबून चित्रे पाहू लागले. हे यश मोठे होते. मात्र अट अशी होती की राजकारण, धर्म, जाहिरात आणि अश्लीलता चित्रात नको. यातील शेवटच्या दोन गोष्टींवर फारसा वाद नाही. पण राजकारण वगळल्याने भिंतीचा जुना उपयोगच बाद झाला. ही भिंत ज्या रस्त्यावर आहे, तो सेनापती बापटांच्या, म्हणजे धरणाविरुद्धच्या मुळशी सत्याग्रहाच्या नेत्याच्या नावाने आहे, हे इथे नोंदवायला हवे. अटीचे समर्थन करणाऱ्यांचे म्हणणे असे की ती नसती तर भिंत आठवडाभरात पक्षांनी वाटून घेतली असती. पूर्वानुभव पाहता ही भीती निराधार नव्हती. तरीही पक्षाचा प्रचार आणि नागरिकाचे राजकीय मत यांत फरक करण्याची संधी तेव्हा हुकली, आणि पुढच्या बहुतेक उपक्रमांनी तीच चौकट जवळपास जशीच्या तशी उचलली.

२०१४ मध्ये वांद्रे रेक्लमेशनजवळ एका उंच इमारतीवर दादासाहेब फाळके आणि २०१७ मध्ये चर्चगेट स्थानकाच्या इमारतीवर महात्मा गांधी साकारले. २०१७ च्या अखेरीस ससून डॉकच्या गोदामांत चित्रे आणि मांडणशिल्पे आली. १८७५ मध्ये सुरू झालेल्या या बंदरातील कोळी माणसांचे मोठे चेहरे तिथल्याच भिंतींवर लागले, हे त्या उपक्रमाचे सर्वांत मोलाचे काम. शहरांची स्वच्छतेनुसार क्रमवारी लावणारे स्वच्छ सर्वेक्षण सुरू झाल्यानंतर मात्र पालिकांनीच भिंती रंगवायला घेतल्या. फुलपाखरे, झाडे आणि ओला कचरा-सुका कचरा हे विषय गावोगावी सारखेच दिसू लागले.

राजकीय भित्तिचित्र या काळात संपले नाही, ते वस्त्यांमध्ये राहिले. १४ एप्रिल जवळ आला की तिथल्या भिंतींना नव्याने निळा रंग दिला जातो, बाबासाहेबांच्या चष्म्याची चौकट आणि कोटाची कड काळ्या रंगाने पुन्हा ओढली जाते, आणि खाली ‘जय भीम’ लिहिले जाते.