दोऱ्याचं टोक दिसतं, भोक दिसत नाही

आमच्या गल्लीतले एक काका पन्नासएक वर्षं कोल्हापुरी चपला बनवत आलेत. वय ७३. दोन वर्षांपूर्वी त्यांनी पहिली तक्रार केली ती डोळ्यांची नव्हती, कामाची होती. "आरीनं भोक पाडतोय, पण दोरा घालाय गेलो की भोकच गायब व्हतंय," असं ते सांगायचे. आम्ही ते फारसं मनावर घेतलं नाही. मग दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली. तपासणीच्या तक्त्यावरची शेवटची ओळ त्यांनी घडाघडा वाचून दाखवली. तरी भोक काही सापडेना. महाद्वार रोडवरून चालताना लोकांना खांदे लागायला लागले, बाजूने येणारी गाडी "एकदम अंगावर आली" असं वाटायला लागलं. घरचे म्हणाले, वय झालं. काकाही तेच म्हणाले.

दोष होता पिट्युटरी नावाच्या ग्रंथीत, तिथे गाठ वाढली होती. नाकाच्या पार मागे, मेंदूच्या तळाशी, हाडाच्या एका खळग्यात ही ग्रंथी बसलेली असते. खळग्याचा आकार खोगिरासारखा, म्हणून शरीरशास्त्रात त्याला ‘तुर्की खोगीर’ असंच नाव आहे. ग्रंथी वाटाण्याएवढी, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. थायरॉइडने किती काम करायचं, मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथींनी कॉर्टिसोल, म्हणजे आजार आणि ताण सोसायला लागणारं हार्मोन, कधी सोडायचं, लघवीतून किती पाणी जाऊ द्यायचं, हे सगळं तिच्या हुकमाने चालतं. तिच्यात होणाऱ्या गाठी जवळजवळ नेहमीच कर्करोगाच्या नसतात, अंगभर पसरत नाहीत. अडचण आहे ती जागेची.

ग्रंथीच्या साधारण एक सेंटीमीटर वर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात. बिंदू चौकात रस्ते मिळतात तसा हा चौक. प्रत्येक डोळ्याच्या पडद्याचा नाकाकडचा अर्धा भाग बाहेरच्या बाजूचं दृश्य पाहतो, आणि त्याच भागाचे तंतू या चौकात पलीकडे जातात. खालून गाठ फुगत आली की आधी दबतात ते हे ओलांडणारे तंतू. मग डाव्या डोळ्याला डावीकडचं दिसेनासं होतं, उजव्याला उजवीकडचं. टांग्याच्या घोड्याला दोन्ही बाजूंनी झापडं बांधावीत तशी गत. समोरचं मात्र स्वच्छ दिसत राहतं. तक्ता समोरच टांगलेला असतो, त्यामुळे तो वाचता येतो, आणि माणूस "नजर उत्तम" असं ऐकून घरी येतो.

दोऱ्याची गोष्ट मला समजली तेव्हा काकांच्या त्या वाक्याला मी मनोमन हात जोडले. जवळच्या वस्तूवर दोन्ही डोळे रोखले, की त्या वस्तूच्या मागे असलेल्या गोष्टीची प्रतिमा दोन्ही डोळ्यांत पडद्याच्या नाकाकडच्या भागावर पडते, म्हणजे नेमकी या रोगात निकामी झालेल्या भागावर. दोऱ्याच्या टोकाकडे बघितलं की त्यामागचं भोक खरोखरच नाहीसं होतं. काकांनी रोगाचं लक्षण पुस्तकात द्यावं इतकं अचूक सांगितलं होतं. ऐकणारे आम्ही कमी पडलो. सुई ओवणं, नखं कापणं, कपात चहा ओतणं अशा कामांत कुणी घरातलं वडीलधारं माणूस अचानक चुकायला लागलं, तर हे आठवावं.

घरी करण्यासारखी एक साधी तपासणी आहे. त्यांच्यासमोर हातभर अंतरावर बसा. त्यांना एक डोळा झाकायला सांगा आणि तुम्ही समोरचा तुमचा डोळा झाका. त्यांनी तुमच्या उघड्या डोळ्याकडेच बघत राहायचं. आता दोघांच्या मधोमध, बाहेरच्या बाजूने बोट हलवत आत आणा, वरच्या कोपऱ्यातून विशेष करून, कारण दाब खालून येत असल्याने वरचा बाहेरचा भाग बहुधा आधी जातो. तुम्हाला बोट दिसलं आणि त्यांना बऱ्याच उशिरा दिसलं, तेही दोन्ही डोळ्यांत, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना ‘फील्ड’ची, म्हणजे बाजूबाजूचं किती दिसतं याची, तपासणी करायला सांगा. तिथे शंका खरी ठरली तर पुढची पायरी एमआरआय.

ही गाठ तरुणांत लवकर कळते, कारण हार्मोन बिघडले की पाळी बंद होते, मूल होत नाही, लोक डॉक्टरकडे जातात. पासष्टीच्या बाईची पाळी आधीच गेलेली. सत्तरीच्या पुरुषाला थकवा आला, भूक मेली, दाढी आठवड्यातून एकदाच करावी लागू लागली, तर कोण दचकतं? म्हणून म्हातारपणी गाठ बहुधा मोठी होऊन, नजर खाऊनच सापडते. काही वेळा ती वेगळ्याच वेशात येते. माणूस असंबद्ध बोलतो, पडतो, दवाखान्यात रक्तातलं सोडियम कमी निघतं, सलाईन लावून घरी पाठवतात आणि महिन्याभरात पुन्हा तेच. कॉर्टिसोल कमी पडल्यानेही सोडियम उतरतं, तेव्हा असं वारंवार होत असेल तर सकाळचं कॉर्टिसोल तपासायला हवं. थायरॉइडच्या तपासणीतही एक चकवा आहे. टीएसएच हे थायरॉइडला कामाला लावणारं, पिट्युटरीचंच हार्मोन. पिट्युटरीच आजारी असेल तर ते नॉर्मल दिसू शकतं, थायरॉइड मात्र उपाशी. सोबत फ्री टी-फोर, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन, तपासल्याशिवाय ते उघड होत नाही. आणि कॉर्टिसोल व थायरॉइडचं हार्मोन दोन्ही कमी असतील तर आधी कॉर्टिसोलची भरपाई, मग थायरॉइडची गोळी. क्रम उलटला तर रुग्ण गंभीर होऊ शकतो.

प्रत्येक गाठ कापायची नसते. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या एमआरआयमध्ये बारीक गाठ दिसली आणि ती कुणाला दाबत नसेल, तर नुसती नजर ठेवतात. प्रोलॅक्टिन (अंगावरच्या दुधाचं हार्मोन) बनवणारी गाठ मोठी असली तरी बहुतेकदा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनी आकसते, म्हणून ऑपरेशन ठरवण्याआधी प्रोलॅक्टिन तपासलंच पाहिजे. नजरेवर दाब आणणाऱ्या इतर गाठींना मात्र ऑपरेशन हाच खरा उपाय. काकांची तशीच होती.

"डोकं फोडणार?" हा काकूंचा पहिला प्रश्न. नाही, नाकातून. ही वाट शंभर वर्षांहून जुनी आहे. १९०७ मध्ये ऑस्ट्रियात इन्सब्रुकला हेरमान श्लोफर यांनी नाक बाहेरून कापून, बाजूला सारून पहिल्यांदा तिथवर मजल मारली. अमेरिकेत हार्वी कुशिंग यांनी वरच्या ओठाखालून जाण्याची पद्धत रुळवली आणि पुढे स्वतःच ती सोडून कवटी उघडण्याकडे वळले. विद्या बुडायची, पण एडिंबरोच्या नॉर्मन डॉट यांनी ती जपली, त्यांच्याकडून पॅरिसचे गियो शिकले, गियोंकडून माँट्रियलचे ज्यूल हार्डी. हार्डींनी १९६० च्या दशकात तिला सूक्ष्मदर्शकाची जोड दिली. तालमीत डाव वस्तादाकडून पठ्ठ्याकडे जातो, तसाच हा प्रवास. १९९० च्या दशकात नाकातून आत घालायची बारीक दुर्बीण आली आणि आता बहुतेक ठिकाणी नाकपुड्यांतूनच काम होतं.

नाकाच्या मागे स्फेनॉइड नावाची हाडातली पोकळी असते. तिची मागची भिंत पातळ. ती कोरून काढली की पुढे ग्रंथीचं आवरण. दोन्ही बाजूंना मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमन्या, वर नजरेचा चौक. गाठ बहुधा मऊ असते, बारीक चमच्यासारख्या हत्याराने आणि सक्शनने ती काढतात. शेवटी मांडीतली किंवा पोटातली थोडी चरबी आणि नाकाच्या आतल्या त्वचेचा तुकडा लावून वाट बुजवतात, कारण मेंदूभोवतीचं पाणी नाकातून गळायला लागलं तर मेंदूज्वराची भीती. सर्जनला "वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता?" हे विचारायला संकोच करू नये. या कामात हात सरावलेला असणं फार मोलाचं आहे, आणि त्यासाठी पुण्या-मुंबईला जावं लागलं तरी जावं.

राहिला वयाचा प्रश्न. कुस्तीची जोड लावताना वस्ताद नुसतं वय बघत नाही, अंगातला कस बघतो. डॉक्टरही आता तेच करतात. जिना चढता येतो का, आंघोळ-कपडे स्वतःचे स्वतः होतात का, वजन उतरलंय का, हाताची पकड किती, हृदय आणि फुप्फुसं भूल सोसतील का. ७८ वर्षांचा टणक माणूस ६५ च्या खंगलेल्यापेक्षा यातून सुखरूप बाहेर येऊ शकतो. उतारवयात सर्जनचं लक्ष्यही जरा वेगळं असतं. धमनीला चिकटलेला तुकडा हट्टाने ओढून काढण्यापेक्षा नजरेवरचा दाब उतरवायचा आणि उरलेल्यावर एमआरआयने लक्ष ठेवायचं. या गाठी सहसा सावकाश वाढतात. पुढे वाढलीच तर किरणोपचार आहेत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी थांबवायच्या हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवतात, परस्पर नाही. थांबून चालत नाही ती एकच गोष्ट: अचानक असह्य डोकेदुखी, उलटी, पापणी पडणं, एकाचं दोन दिसणं. गाठीत रक्तस्राव झाल्याची ती खूण असू शकते, तेव्हा त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात.

ऑपरेशननंतर काकांना नाक शिंकरायला, ओणवं व्हायला, कुंथायला बंदी होती. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून द्यायची. पहिल्या दिवसांत लघवी किती होते याची मोजदाद होते, कारण पाणी धरून ठेवणारं हार्मोन काही काळ कमी पडू शकतं. धोका त्यानंतर उलटा फिरतो. आठवड्याच्या सुमारास, म्हणजे माणूस घरी आल्यावर, शरीर पाणी जास्तच धरून ठेवतं आणि सोडियम घसरतं. आमच्याकडे भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं आणि उसाचा रस घेऊन येत होता, "भरपूर पाणी प्या" म्हणत होता. काकूंनी सगळ्यांना नम्रपणे थांबवलं, पाणी डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच दिलं आणि सातव्या दिवशी सोडियम तपासून घेतलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी काका म्हणाले, "खिडकीचा पडदा दिसतोय की." मान न वळवता. काहींना असा फरक काही तासांत जाणवतो, काहींना महिने लागतात. नस फार दिवस दबून पातळ झाली असेल, तर गेलेली सगळी नजर परत येत नाही. काकांची डावीकडे वर थोडी कमीच राहिली.

त्यांना कॉर्टिसोलची भरपाई करणारं हायड्रोकॉर्टिसोन आता रोज घ्यावं लागतं. गोळी एक दिवसही चुकवायची नाही, ताप आला तर डॉक्टरांनी ठरवून दिल्याप्रमाणे दुप्पट, उलट्या होऊन गोळी पोटात राहत नसेल तर ताबडतोब इंजेक्शन. हे लिहिलेलं कार्ड ते जोतिबाला जाताना, रंकाळ्यावर फिरताना, कुठेही जवळ बाळगतात. त्यासाठी चामड्याचं एक छोटं पाकीट त्यांनी ऑपरेशननंतर चौथ्या महिन्यात स्वतः शिवलं.