पीएचडीची सक्ती: आली, लांबली, उठली

चंद्रपूर-गडचिरोलीकडे एमएस्सी झूलॉजी किंवा बॉटनी केलेल्या पोरांना पीएचडी म्हटलं की आधी कॉलेजातली नोकरी दिसते, संशोधन नंतर. हे जुनंच आहे. नागपूरला विद्यापीठ १९२३ साली झालं, अमरावतीला १९८३ साली, गडचिरोलीला मात्र २०११ उजाडलं. मध्ये १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात नेट (देशपातळीची) किंवा सेट (राज्याची) ही पात्रता परीक्षा न देता लागलेल्या प्राध्यापकांचा वाद कोर्टापर्यंत गेला. २००९ साली विद्यापीठ अनुदान आयोगाचे पीएचडीचे नियम कडक झाले; त्याप्रमाणे पदवी घेणाऱ्याला नेटमधून सूट होती, म्हणून गाईडच्या, म्हणजे संशोधन-मार्गदर्शकाच्या, दारात गर्दी झाली.

खरा घोळ आयोगाच्या २०१८ च्या नियमाने घातला. १ जुलै २०२१ पासून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीला पीएचडी हवीच, असं त्यात होतं. पण ते विद्यापीठांच्या विभागांपुरतं. संलग्न कॉलेजांत नेट-सेट चालणारच होतं. तालुक्याच्या गावी हा फरक नीट पोचलाच नाही. मिळेल तो गाईड, सुचेल तो विषय, अशी नोंदणी झाली. मग कोरोनामुळे मुदत १ जुलै २०२३ वर गेली. ती उलटली आणि त्याच आठवड्यात सक्तीच उठली: नेट, सेट किंवा स्लेट (सेटसारखीच राज्याची परीक्षा) ही किमान पात्रता, पीएचडी ऐच्छिक. सक्ती उठवणं बरोबरच होतं. पण या धाकाने ज्यांनी पाच वर्षं घातली, त्यांचा हिशेब कुणी मांडला नाही.

दरम्यान २०२२ च्या नियमांनी एम.फिल. ही पीएचडीआधीची पदवी बंद केली, आणि प्रबंधाआधी शोधनिबंध छापायची अट काढली. पैसे भरून छापणाऱ्या नियतकालिकांचं दुकान त्याने थोडं तरी मंदावलं असावं.

विषयाचा प्रश्न तर बाजूलाच राहिला. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने बीटी, म्हणजे बोंडअळी मारणारं जनुक घातलेली, कपाशी पोखरली. अळीची प्रतिकारशक्ती, लांबलेला हंगाम, बीटीभोवती लावायची पण न लावलेली बिगर-बीटी आश्रयपिकं, सगळं एकमेकांत गुंतलेलं. गुंतागुंतीच्या प्रणालींचा अभ्यास म्हणतात तो हाच, आणि तो आपल्या धुऱ्यावर आहे. त्यासाठी जीवशास्त्राला गणिताची जोड लागते. आपल्याकडे मात्र बारावीला गणित सोडलं की ते पुन्हा भेटत नाही. मोठ्या संस्थांत भौतिकशास्त्र-गणिताची मुलंही जीवशास्त्रात पीएचडीला घेतात, हे इथल्या कॉलेजांत क्वचितच सांगितलं जातं.

जून २०२४ पासून नेटचे गुण विद्यापीठांना पीएचडीच्या प्रवेशाला धरता येतात, आणि उत्तीर्णांचे गुणांच्या क्रमाने तीन गट पडतात. फेलोशिप फक्त पहिल्या गटाला. जानेवारी २०२३ पासून ती महिना ३७,००० रुपये आहे. उरलेल्या दोन गटांना ७० टक्के भार नेटचा, ३० टक्के मुलाखतीचा, आणि गुण चालतात एकच वर्ष. तेवढ्यात गाईडकडे जागा निघायला हवी. प्राध्यापकाकडे एका वेळी ८ विद्यार्थी, सहयोगीकडे ६, सहायकाकडे ४. वर्ष सरलं की परीक्षा पुन्हा.