ख्मेर मुलांच्या भिंतीमागे

कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच शहरात ॲनाहाइम स्ट्रीटच्या एका पट्ट्याला 2007 पासून 'कंबोडिया टाउन' असं अधिकृत नाव आहे. आग्नेय आशियाबाहेरची ख्मेर लोकांची सगळ्यात मोठी वस्ती म्हणून हा भाग ओळखला जातो. (ख्मेर म्हणजे कंबोडियातला बहुसंख्य समाज.) अशा वस्तीत तरुणांचा मान राखणारं, वारसा आणि सामाजिक न्याय एकत्र मांडणारं चित्र भिंतीवर चढतं, तेव्हा त्यातली अप्सरा किंवा कंबोडियातल्या अंगकोर वाट मंदिराची शिखरं आपल्याला लगेच ओळखता येतात. पण त्या चित्राच्या मध्यभागी राजे किंवा देव नसून तरुण का, हे समजायला पन्नास वर्षं मागे जावं लागतं.

17 एप्रिल 1975. ख्मेर नववर्षाचा सण नुकताच सरला होता. त्या दिवशी ख्मेर रूज या कट्टर कम्युनिस्ट संघटनेचं सैन्य कंबोडियाची राजधानी नॉम पेन्हमध्ये शिरलं आणि काही दिवसांत अख्खं शहर रिकामं करून माणसांना शेतांवर हाकललं गेलं. जानेवारी 1979 पर्यंतच्या त्यांच्या राजवटीत उपासमार, आजार, वेठबिगारी आणि कत्तलींत सुमारे 17 लाख माणसं गेली. शिक्षक, भिक्खू, नर्तक, चित्रकार हे तर वेचून मारले गेले. नॉम पेन्हमधल्या तुओल स्लेंगच्या तुरुंगात 12,000हून अधिक कैदी आले आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतके जगले. त्यांतला चित्रकार वान नाथ वाचला तो केवळ ख्मेर रूजचा नेता पोल पॉट याची चित्रं काढता येत होती म्हणून. पुढे त्याच हातांनी त्याने तुरुंगातला छळ रंगवला. ख्मेर चित्रकलेच्या अलीकडच्या इतिहासात मला याहून मोठं काही दिसत नाही.

जे निसटले ते थायलंडच्या सीमेवरच्या छावण्यांत आले आणि 1980च्या निर्वासित कायद्यानंतर मोठ्या संख्येने अमेरिकेत पोहोचले. लाँग बीचच का? कारण तिथल्या सरकारी विद्यापीठात 1960च्या दशकातच काही कंबोडियन विद्यार्थी शिकायला आले होते. त्यांच्यातले जे राहिले, त्यांनी पहिल्या निर्वासितांना हात दिला.

घरं मिळाली, पण घरात बोलणं नव्हतं. 1980च्या दशकात या भागातल्या सुमारे 150 ख्मेर स्त्रिया दिसत नसल्याची तक्रार घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. तपासणीत डोळ्यांत दोष सापडेना. नवऱ्याला, मुलांना डोळ्यांदेखत मारलेलं त्यांतल्या अनेकींनी पाहिलं होतं. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लाँग बीचच्या ख्मेर प्रौढांपैकी 62 टक्क्यांना आघातोत्तर मानसिक विकार आणि 51 टक्क्यांना तीव्र नैराश्य आढळलं. त्या देशातून बाहेर पडून वीस वर्षं उलटल्यावरची ही स्थिती. मुलं या शांततेत वाढली. आजी रात्री का ओरडते, मामा कुठे गेला, हे विचारायचं नाही, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

घराबाहेरही धड निवारा नव्हता. निर्वासितांना जागा मिळाली ती गरीब वस्त्यांत, जिथे टोळ्या आधीपासून होत्या; पोरांनी स्वतःच्या टोळ्या उभ्या केल्या आणि 1990चं दशक रक्तात गेलं. कॅलिफोर्नियातल्याच स्टॉक्टनमध्ये जानेवारी 1989 मध्ये एका माणसाने प्राथमिक शाळेच्या मैदानावर गोळीबार केला. मेलेल्या पाच मुलांपैकी चार कंबोडियन घरांतली होती.

मग आला अमेरिकेचा 1996चा स्थलांतर कायदा. त्याने नागरिकत्व नसलेल्यांच्या हद्दपारीला कारण ठरणाऱ्या गुन्ह्यांची यादी वाढवली आणि ती मागच्या प्रकरणांनाही लावली. 2002 मध्ये कंबोडियाने माणसं परत घ्यायचं मान्य केल्यावर शिक्षा भोगून सुटलेले, बायकापोरांत रमलेले लोक विमानात बसवले जाऊ लागले. त्यांतले काही थायलंडच्या छावणीत जन्मलेले. ज्या देशात 'परत' धाडलं, तो त्यांनी पाहिलेलाही नव्हता. भिंतीवर 'न्याय' हा शब्द येतो तो इथून. 1997 साली सुरू झालेल्या कामातून लाँग बीचला 'ख्मेर गर्ल्स इन ॲक्शन' ही संघटना घडली आणि शाळकरी मुली हद्दपारीवर, शाळांतल्या शिक्षांवर, स्वतःच्या शरीरावरच्या हक्कावर उघड बोलू लागल्या. बोलायला त्या मुलीच पुढे आल्या, म्हणून चित्रातही मुलंमुलीच मध्यभागी.

राहिली भिंत. तिच्यात दोन परंपरा मिसळल्या आहेत. एक ख्मेर: अंगकोर वाटच्या पाषाणातलं समुद्रमंथन, जिथे वासुकी ओढणारे देव-असुर जवळजवळ पन्नास मीटर लांब रांगेत उभे आहेत, किंवा नॉम पेन्हच्या राजवाड्यातली ओवरी, जिच्या भिंतींवर 1903-04 मध्ये तेप निमित माक आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी ख्मेर रामायण रंगवलं. दुसरी कॅलिफोर्नियाची. मेक्सिकन वंशाच्या चिकानो चळवळीने पुलांचे खांब आणि दुकानांच्या भिंती आपल्या केल्या. चित्रकार ज्युडी बाका हिने 1976 पासून लॉस एंजेलिसमधल्या पुराच्या पाण्याच्या काँक्रीट कालव्यावर पाठ्यपुस्तकांनी वगळलेला इतिहास रंगवून घेतला. काम करणाऱ्या चारशेहून अधिक तरुणांत कित्येक जण बालगुन्हेगारी खात्याकडून आलेले होते. लाँग बीचमध्ये ज्या लॅटिनो पोरांशी ख्मेर पोरांनी मारामाऱ्या केल्या, त्यांच्याच समाजाची ही देणगी. म्हणून मला अशा भिंतीसमोर उभं राहिल्यावर वारशाइतकाच शेजारही दिसतो.

अशा चित्रात ख्मेर अक्षरं असतील, तर ती वळणदार, मोठी असतात. इथेच जन्मलेल्या पुष्कळ मुलांना ती वाचता येत नाहीत. काय लिहिलंय, ते घरी जाऊन आजीलाच विचारावं लागतं.