पार्श्वभूमी : 'रिसीट'मधला मुका 'पी' आणि बेळगावची पावती

रिसीव्ह, रिसीट, रिसेप्शन, रिसेप्टिव्ह, रेसिपी ही एकाच घरातली मंडळी. मूळ लॅटिन, अर्थ घेणं. काही नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंचमार्गे इंग्रजीत आली, काही विद्वानांनी मागाहून थेट लॅटिनमधून उचलली. 'रेसिपी' म्हणजे मुळात 'घे' ही आज्ञा, वैद्याच्या चिठ्ठीच्या माथ्यावरची. स्वयंपाकाच्या कृतीला तेव्हा इंग्रज 'रिसीट'च म्हणत.

घोळ या 'रिसीट'चाच. फ्रेंचमधून येताना त्यात 'पी' नव्हता. साधारण १५०० नंतर, लॅटिन कूळ दिसावं म्हणून, तो स्पेलिंगमध्ये घुसडला गेला. उच्चार बदलला नाही. बरं, 'डिसीट' आणि 'कन्सीट' ही त्याच कुळातली, पण त्यांना हा न्याय लागला नाही. पांडित्याची हौस झाली पंडितांची. पाठांतर मात्र आजही पोरांच्या माथी.

अर्थही एक नाही. दुकानदाराची रिसीट म्हणजे कागद. सोसायटीच्या अहवालातल्या 'रिसीट्स' म्हणजे जमा. आपल्या बेळगाव भागात याला आणखी एक पीळ. 'पावती' हा 'पावणे'पासूनचा मराठी शब्द, पैसे मिळाल्याचा कागद. कन्नडमध्ये मात्र 'पावति' म्हणजे पैसे भरणं, आणि कागद तो 'रसीदि'. ही रसीद 'रिसीट'चा अपभ्रंश वाटते, पण तिचा संबंध नाही. ती फारसी, 'पोचलं' या अर्थाची. १९५६ मध्ये बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आताच्या कर्नाटक राज्यात गेलं; त्यानंतर कचेरीतल्या कागदांवर कन्नड वाढत गेलं तसा हा गुंता मराठी माणसाच्या हातात आला. खिडकीवर 'पावति' वाचून पावती घ्यायला उभं राहावं, तर तिथे पैसे मोजायचे असतात.

लग्नातलं रिसेप्शन अलीकडचं. कन्नड पत्रिकेत ते 'आरतक्षते', मराठीत 'स्वागत समारंभ', आणि तोंडी सगळ्यांचं रिसेप्शनच.

'रिसेप्टिव्ह'चा साधा अर्थ ऐकून घ्यायला तयार असलेला. भाषाशिक्षणात मात्र ऐकणं-वाचणं ही रिसेप्टिव्ह कौशल्यं, बोलणं-लिहिणं ही प्रॉडक्टिव्ह. समोरच्याचं कन्नड समजतं, उत्तर मराठीत जातं, अशी माणसं खानापूर-निपाणीकडे हवी तितकी भेटतील. भाषाशास्त्र त्यांना रिसेप्टिव्ह द्विभाषिक म्हणतं. यातल्या अनेकांना कन्नड लिपी लागत नाही. कंडक्टरचं बोलणं कळतं, बसची पाटी दुसऱ्याला विचारावी लागते.