गच्चीतलं ऊन आणि दोडक्याची संध्याकाळ

घरच्या बागेचा आराखडा काढायला बसलं की बहुतेकांच्या कागदावर आधी कुंड्या उमटतात. इथे गुलाब, तिथे टोमॅटो, कठड्यावर मोगरा. माझ्या मते त्या कागदावर सगळ्यांत आधी ऊन उमटायला हवं, आणि तेही महिन्यांसकट. कारण एकाच बाल्कनीतलं डिसेंबरचं ऊन आणि मे महिन्याचं ऊन ही दोन अगदी वेगळी उनं आहेत.

पुणं साधारण साडेअठरा अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस तिथे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर येतो आणि दक्षिणेकडे कललेला राहतो. त्यामुळे दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन थेट आत, दारापर्यंत पोचतं. पुढे सूर्य वर चढत जातो आणि १३-१४ मेच्या सुमाराला बरोबर डोक्यावर येतो. हाच शून्य सावलीचा दिवस. कोल्हापुरात तो मेच्या पहिल्या आठवड्यात येतो, मुंबईत १५ मेच्या आसपास, तर नागपुरात मेच्या शेवटच्या आठवड्यात. त्यानंतर पुण्या-मुंबईत जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य थोडा उत्तरेला असतो. म्हणजे वर स्लॅब असलेल्या दक्षिणेच्या बाल्कनीत, सगळं अंगण तापलेलं असताना, थेट ऊन जवळपास येतच नाही. थंडीत टोमॅटोनं लगडलेली जागा मेमध्ये सुनी पडते, त्यात दोष ना खताचा ना हाताचा.

ऊन मोजताना आपले डोळे आपल्याला फसवतात. उघड्यावरच्या दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो, घरातल्या उजळ वाटणाऱ्या खोलीत काही शे. दोन्हींतलं अंतर शेकडो पटींचं, पण बाहुली आणि दृष्टिपटल इतक्या सफाईनं जुळवून घेतात की आपल्याला दोन्हीकडे छान उजेडच दिसतो. पानाला अशी सोय नाही. त्याला मिळालेल्या प्रकाशाइतकीच साखर बनवता येते, आणि त्यातली बरीचशी त्याच्या स्वतःच्या श्वसनात खर्च होते. जी उरते तिच्यातून फळ तयार होतं. म्हणून वांगी, मिरची, टोमॅटो, भेंडी यांना किमान सहा तास थेट ऊन लागतं, आणि आपण ज्यांची पानंच खातो त्या पालक, मेथी, पुदिन्याचं तीन-चार तासांत भागतं. तेव्हा एका सुट्टीच्या दिवशी दर दोन तासांनी खडूनं उन्हाची सीमा आखावी, आणि हे थंडीत एकदा, उन्हाळ्यात एकदा करावं. कुठल्याही महागड्या खतापेक्षा हा खडू जास्त पीक देतो, असं मी ठामपणे म्हणेन.

उन्हासोबत उष्णता येते आणि तिचं गणित निराळं आहे. प्रकाशसंश्लेषणात कार्बन डायऑक्साइड पकडण्याचं काम रुबिस्को नावाचं विकर करतं. तापमान वाढलं की ते कार्बन डायऑक्साइडऐवजी अधूनमधून ऑक्सिजनच पकडू लागतं, आणि झालेली मेहनत वाया जाते. पालक, मेथी, कोथिंबीर एप्रिलमध्ये रोडावतात त्यामागे हेही एक कारण आहे. पण माठ, तांदुळजा आणि राजगिरा या एकाच कुळातल्या भाज्यांनी यावर तोड काढली आहे. त्या कार्बन डायऑक्साइड आधी वेगळ्या पेशींत साठवतात आणि मग रुबिस्कोभोवती त्याची दाटी करतात, त्यामुळे चूक व्हायला फारसा वाव उरत नाही. या रीतीला सी-४ म्हणतात. ऊस, ज्वारी आणि मका याच पंथातले. आपल्याकडे उन्हाळ्यात ताटात माठ येत आला तो उगाच नाही. रानात आपोआप येणारी घोळ तर याहून पुढची. ती एरवी सी-४ पद्धतीनं वागते आणि पाणी तुटलं की निवडुंगासारखी रात्री कार्बन डायऑक्साइड साठवू लागते. तिचीच बहीण म्हणजे आपला चिनी गुलाब, ज्याला काही जण ‘ऑफिस टाइम’ म्हणतात. पश्चिमेच्या तापलेल्या कठड्यावर लावायला याच्याइतकं निश्चिंत फूल नाही.

टोमॅटोची अडचण रात्रीची आहे. रात्र २१-२२ अंशांहून उबदार राहू लागली की फळधारणा घटत जाते. झाड हिरवंगार दिसतं, फुलंही येतात आणि देठासकट गळून पडतात. मुंबईत, कोकणात आणि गोव्यात टोमॅटो थंडीतच चांगला येतो तो यामुळे.

फुलझाडांपैकी काहींना ऊन किती हे जितकं महत्त्वाचं, तितकीच रात्र किती हेही. १९२० मध्ये गार्नर आणि अ‍ॅलर्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी तंबाखूच्या एका वाणावर काम करताना दाखवून दिलं की दिवसाची लांबी झाडाला फुलायचा संकेत देते. नंतर कळलं की अशी झाडं प्रत्यक्षात मोजतात ती अखंड अंधाराची लांबी. शेवंती त्यांतलीच. पुण्यात जूनचा दिवस १३ तासांहून थोडा मोठा, डिसेंबरचा ११ तासांचा. रात्री लांबू लागल्या की शेवंती कळ्या धरते. तुमची शेवंती नुसतीच पानं काढत राहिली असेल, तर तिच्यावर रात्री रस्त्याचा दिवा पडतो का ते आधी बघा. पानांतलं फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य मध्यरात्रीचा थोडा प्रकाशही टिपतं आणि झाडाच्या लेखी ती लांब रात्र दोन तुकड्यांत मोडते. हरितगृहवाले याच युक्तीनं दिवे लावून शेवंतीचा बहर लांबवतात आणि काळं कापड ओढून लवकर आणतात. घरी कुंडी दिव्याच्या आडोशाला सरकवली तरी पुरे.

आता वेल. दुधी, दोडका, काकडी, कारलं, भोपळा यांच्या एकाच वेलावर नरफुलं आणि मादीफुलं वेगवेगळी येतात. आधी बहुधा नरफुलंच येतात, ती गळून जाणं स्वाभाविक आहे. मादीफुलाच्या मागे बोटाच्या पेरासारखं इवलं फळ आधीपासूनच असतं. परागकण पोचले नाहीत तर तेच पिवळं पडून गळतं, आणि आपण ‘रोग पडला’ म्हणून फवारा उचलतो. परागकण पोचवायला कोण येणार, हे फुलाच्या वेळेवर ठरतं. भोपळा पहाटे उमलतो आणि दुपारच्या आत मिटतो, त्याच्याकडे मधमाश्या येतात. घोसाळंही सकाळचं. पण त्याचाच भाऊबंद दोडका संध्याकाळी उमलतो. दुधीची पांढरी फुलंही दिवस मावळताना उघडतात, अंधारात दिसावीत अशी, आणि त्यांच्याकडे पतंग येतात. चौथ्या-पाचव्या मजल्यावर पतंग कमी फिरकत असतील तर दोडका-दुधीचं परागीकरण आपणच करावं: संध्याकाळी ताजं नरफूल खुडून, पाकळ्या मागे मुडपून, त्यातला केसर मादीफुलाच्या मधोमध हलकेच टेकवायचा. सकाळी दहाला हे करून उपयोग नाही, तोवर फूल कोमेजलेलं असतं. याचमुळे ‘निंबोळी अर्क संध्याकाळी फवारा’ हा चांगला सल्ला दोडक्याच्या वेलाजवळ जपून पाळावा. पानांवर फवारा, उमललेल्या फुलांवर नको.

वांगी-टोमॅटोची तऱ्हा अजून वेगळी. त्यांच्या फुलात मध नसतो, फक्त पराग असतो, आणि तोही परागकोशात कोंडलेला. बाहेर पडायला टोकाशी बारीक छिद्रं. भुंगा किंवा निळ्या पट्ट्यांची एकांडी माशी त्या परागकोशाला घट्ट धरते, पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवते आणि पराग भुरभुर बाहेर पडतो. कान दिला तर गुणगुण एकदम चढ्या सुरात गेलेली ऐकू येते. सातेरी, आग्या, फुलोरी या आपल्या मधमाश्यांना ही थरथर जमत नाही. वाऱ्याच्या झुळकीनंही थोडं काम होतं, पण जाळी लावलेल्या बंद बाल्कनीत ना वारा ना भुंगा. तिथे रोज सकाळी फुलाच्या देठाला मागून टिचकी मारावी.

भुंगा यायचा तर त्याला मधही लागतो, आणि तो वांग्यात नाही. इथे फुलझाडं भाजीच्या कामाला येतात. तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडून टाकायची आपल्याला सवय असते. एका तुळशीच्या तरी राहू द्याव्यात. फुलावर आलेली कोथिंबीर उपटू नये. तिच्या बारीक फुलांवर घिरट्या घालणाऱ्या सिर्फिड माश्यांच्या अळ्या मावा खातात. फुलझाडं निवडताना एकेरी पाकळ्यांचे कॉसमॉस, सूर्यफूल घ्यावेत. गच्च दुहेरी फुलात पाकळ्या पुष्कळ आणि कीटकांसाठी फारसं काही नाही.

झेंडूला मात्र मानाचं पान द्यायला हवं. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेनं टोमॅटोच्या १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ लावायची पद्धत दिली. फळ पोखरणाऱ्या अळीची मादी झेंडूच्या कळ्यांवर अंडी घालणं पसंत करते, म्हणून झेंडू सापळा ठरतो. दोन्ही एकाच वेळी फुलावर यावेत यासाठी झेंडूचं रोप वयानं मोठं घेतात. झेंडूची मुळं अल्फा-टरथिएनिल हे द्रव्य तयार करतात, ते मुळांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींना मारक आहे. टोमॅटोशेजारी एखादं झेंडूचं रोप खोचून हा दुसरा फायदा फारसा मिळत नाही. ज्या मातीत टोमॅटो लावायचा तिच्यात आधी झेंडूच भरून वाढवावा लागतो. आपल्या सणांचं वेळापत्रक यात छान बसतं. जुलैच्या सुरुवातीला बी टाकावं, महिनाभरात रोपं वाफ्यात किंवा पेटीत दाट लावावीत, रुजल्यावर एकदा शेंडा खुडावा. शेंड्यातून खाली येणारं ऑक्सिन हे संप्रेरक बगलेतल्या डोळ्यांना दाबून ठेवतं; शेंडा गेला की ते फुटतात आणि फुलं वाढतात. दसऱ्याला तोरण झालं की झाडं काढून त्याच मातीत टोमॅटोची रोपं लावायची, पुढे थंडी आहेच.

गच्चीवर वाफे करणाऱ्यांनी वजनाचा विचार आधी करावा. ओल्या मातीचा एक फूट जाडीचा थर चौरस मीटरमागे सुमारे ५०० किलो भरतो, तर वावरासाठी असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानक साधारण १५० किलोचा भार धरतं. म्हणून नुसती माती नको. पालापाचोळ्याचं कंपोस्ट आणि धुतलेलं कोकोपीट जास्त, आणि जड कुंड्या तुळई-भिंतींच्या वर. कुंडीच्या तळाशी खडी घातल्यानं निचरा सुधारतो हा समजही सोडून द्यावा. बारीक कणांच्या मातीतलं पाणी केशाकर्षणामुळे खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही, खडीच्या वरच थबकतं. मुळांना मिळणारी कोरडी जागा उलट कमी होते.

बियांबद्दल एक गोष्ट जिवाशी संबंधित आहे. टोमॅटो, वाल यांचं बी घरी धरायला सोपं, कारण त्यांचं बहुतांश स्वपरागीकरण होतं. दुधी-काकडीचं तसं नाही. परक्या परागाचा परिणाम त्या फळाच्या गरात दिसत नाही, तो बीमध्ये उतरतो आणि पुढच्या वर्षीच्या वेलावर प्रकट होतो. कधी कधी त्यातून कडू फळ निपजतं. हा कडूपणा कुकुर्बिटासिन या द्रव्यांचा असतो, शिजवून तो जात नाही, आणि कडू दुधीचा रस प्यायल्यानं आपल्या देशात माणसं दगावली आहेत. घरच्या वेलाचा दुधी चिरला की आधी कच्च्या फोडीचा लहानसा कण जिभेवर ठेवून पाहा. कडू लागला तर थुंकून टाका आणि त्या वेलाचं एकही फळ स्वयंपाकघरात येऊ देऊ नका.